सुई मध्यावर असताना

आमच्या गाडीत पाण्याचं तापमान दाखवणारी एक छोटी सुई आहे. इंजिन सुरू केलं की ती तळाच्या निळ्या रेघेवरून हळूहळू उठते, पेणचा बाजार मागे पडेपर्यंत मध्यावर येते आणि मग तिथेच राहते. लहानपणी मी मागच्या सीटवरून तिच्याकडे बघत असे. वेगाची सुई सारखी वरखाली करायची. ही स्वस्थ असायची. नागोठण्याच्या पुढे मला झोप लागायची, तेव्हा डोळे मिटताना शेवटची तीच दिसायची. रोह्याला मामाच्या दारात जाग यायची, तेव्हाही ती तिथेच असायची. जणू मधला रस्ता झालाच नव्हता.

पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की ती सुई मुद्दामच तशी बनवलेली असते. पाणी ऐंशीला असो की शंभराच्या थोडं पुढे, ती मध्यच दाखवते. चालवणाऱ्याने उगाच घाबरू नये, म्हणून. ती मध्य सोडून वर निघाली की समजायचं, आत बराच वेळ काहीतरी चाललं होतं. हे वाचल्यावर मला त्या सुईबद्दल जवळीक वाटली. घरात पाहुणे आले की मीही तशीच बसते.

बाबा गेल्यावर गाडी बरेच महिने ताडपत्रीखाली उभी होती. मामा म्हणाला, विकून टाकू. एका संध्याकाळी शाळेतून आल्यावर चपला काढता काढता आईने सांगितलं, "ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलंय मी." तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. पहिल्या दिवशी ती नऊवारी नेसून घोड्यावर बसायला निघाल्यासारखी दिसत होती, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. ती पाचवारीच नेसली होती, पण दिसत होती खरी तशी.

ती शिकवते ती शाळा गडबच्या आत, डोंगराच्या अंगाला, एका वाडीवर आहे. पूर्वी ती हायवेपर्यंत एसटीने जायची, पुढे मिळेल त्या वाहनाने, नाहीतर चालत. गाडी हातात आल्यावर तिने जी गोष्ट सुरू केली ती तिने कोणाला विचारून केली नाही. दिवाळी झाली की वाडीतली बरीच माणसं वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलं त्यांच्याबरोबर. पावसाच्या तोंडावर मुलं परत येतात तेव्हा वाचता येत असलेलंही विसरलेली असतात. आई शाळा सुटल्यावर गाडी घेऊन भट्टीवर जायला लागली. डिकीत पाट्या, एक सतरंजी आणि पाण्याचा कॅन. भट्टीवर एसटी जात नाही, रिक्षावालाही नको म्हणतो. गाडी होती म्हणून ते चाललं होतं.

मे महिन्यात वडखळच्या अलीकडे ती गाडी उकळली. ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो होतो. सुई मध्यावर होती, मग एकदम उठली आणि आईने गाडी बाजूला घेईपर्यंत टोकाला गेली. बॉनेटच्या फटींतून वाफ आली. खाली कूलंटचं हिरवं पाणी वाहत होतं. एक नळी फाटली होती, पण ते नंतर कळलं. तेव्हा आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो आणि प्रत्येक ट्रकमधून कोणीतरी आमच्याकडे बघत जात होतं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

मामा रोह्याहून मोटारसायकलवर आला. तो आईचा मोठा भाऊ. वाफ निवली होती, तो निवला नव्हता.

"सुई बघत नव्हतीस?"

"बघत होते. मध्यावर होती."

"मध्यावर होती म्हणे. इंजिन बसलं असतं म्हणजे? तुम्हा बायकांना गाडी म्हणजे मिक्सर वाटतो. बटण दाबलं की झालं."

"मिक्सर तरी तुला कुठे लावता येतो, दादा?"

मी हसले. मामा हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, हे मी बघितलं. बहिणीला हायवेवर असं उभं बघून तो घाबरला होता, आणि घाबरल्यावर तो रागावतो. तो म्हणाला, "ठीक आहे. नळी बदलून देतो. पण पुन्हा एकदा उकळली, की किल्ली माझ्याकडे. मग तू एसटीने फिर. कबूल?"

आई थकली होती, ऊन लागलं होतं. ती म्हणाली, "कबूल."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर त्याचं काही वाटलं नसतं. पण आई मुलांना दिलेला शब्द पाळावा म्हणून शिकवते आणि स्वतः तो इतका पाळते की कधी कधी तिच्याबरोबर राहणं अवघड होतं. गाडी एकदा उकळली असती तर ती खरोखर किल्ली नेऊन दिली असती.

म्हणून मी एक काड्यापेटीएवढं यंत्र ऑनलाइन मागवलं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथे ते बसतं आणि पाण्याचं खरं तापमान मोबाइलवर आकड्यांत दाखवतं. मी पेणला एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करते, दिवसभर मिलिमीटरात जगते. आकडा दिसला की मला बरं वाटतं. आईने त्याचं नाव थर्मामीटर ठेवलं. शनिवारी मला सुट्टी असते, तेव्हा मी तिच्या शेजारी बसून तिला आकडे सांगू लागले.

"किती?"

"एटी-नाइन."

"मराठीत."

मी इंग्रजी शाळेत शिकले. ती शाळा आईनेच निवडली होती, आणि त्याचा सूड ती असा उगवते. "नव्वदच्या आधीचा," मी म्हणाले.

"एकोणनव्वद. माझी दुसरीतली पोरं सांगतील गं."

"मग त्यांनाच बसव माझ्या जागी."

"बसवलं असतं. पण एक आली की अठरा येतात. टपावर बसतील."

पाणी शंभरला उकळतं, हे तिने जन्मभर शिकवलं होतं. त्यामुळे नव्व्याण्णव झाले की ती ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायची. मी तिला सांगितलं की आतलं पाणी बंद झाकणाखाली असतं, कुकरसारखं, ते शंभरला उकळत नाही. कुकर म्हटल्यावर तिला पटलं. अठ्ठ्याण्णवच्या आसपास पंखा सुरू होतो, त्याचा आवाज आम्ही ओळखायला शिकलो. तो सुरू झाला की आकडा उतरायला लागतो. एकशे पाचला एसी बंद करायचा, एकशे दहाच्या आत थांबायचं, असं आम्ही ठरवून टाकलं.

पावसाळाभर आम्ही अशा फिरलो. काच पुसणाऱ्या पट्ट्यांचा आवाज, बाहेर पाण्याने भरलेली शेतं, त्यात उभे बगळे, आणि मध्येच माझा आवाज: शहाण्णव. चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव. घरी आम्ही फारशा बोलत नाही. घरात कुकर असतो, टीव्ही असतो, दारावर कोणीतरी असतं. गाडीत दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आई हळूहळू बोलायला लागली. समोर बघून. माझ्याकडे बघून तिने ते सांगितलं नसतं, आणि तिने माझ्याकडे बघितलं असतं तर मला ऐकता आलं नसतं.

एकदा ती म्हणाली, "तुझे बाबा गाडी चालवताना गायचे."

"कधी? मी कधीच ऐकलं नाही."

"तू झोपलीस की मग. आधी मला विचारायचे, झोपली का, म्हणून."

"काय गायचे?"

"कसलं काय. शब्दच नसायचे. नुसतं हं हं हं." तिने थोडं करून दाखवलं आणि लाजून थांबली. "किती झाले?"

"पंच्याण्णव," मी म्हणाले. तेव्हा किती झाले होते ते मी बघितलंच नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईच्या शाळेत पाटीपूजन झालं. पाट्यांवर सरस्वती काढून झाल्यावर मुलींनी विचारलं, बाई, तुमच्या गाडीला नवं बांधू? नवं म्हणजे आमच्याकडे दसऱ्याला दाराला बांधतात ते तोरण: झेंडू, आंब्याची पानं आणि शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या. आई हो म्हणाली आणि रजिस्टर पुरं करायला आत गेली. ती बाहेर आली तेव्हा गाडीचं नाक दिसत नव्हतं. मुलींनी एकाखाली एक अशा माळा बांधल्या होत्या, मधल्या जागांत कुरडूची गुलाबी फुलं आणि लोंब्यांच्या जुड्या खोचल्या होत्या, आणि सगळं सुतळीने जाळीला आवळून टाकलं होतं. एकीने बजावलं, "बाई, सोडायचं नाय हां. आपोआप पडल तवाच पडल."

"नाही सोडणार," आई म्हणाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याच्या ग्रामदैवताची पालखी निघते. मामाच्या घरावरून ती जाते, म्हणून दरवर्षी आम्ही तिकडे असतो. जेवून निघालो. आई रेशमी साडी नेसली होती. ऊन असं होतं की हायवेवरची धूळसुद्धा उडायला कंटाळली होती. पेण गावातून जाताना लोक गाडीकडे बघून हसत होते आणि आई पालखीत बसल्यासारखी मान ताठ करून चालवत होती.

गडब मागे पडलं तेव्हा सत्त्याण्णव होते. पंखा सुरू झाला, तो थांबेना. कासूजवळ एकशे एक झाले. मी आकडा सांगितला. आई म्हणाली, "ऊन आहे." थोड्या वेळाने एकशे तीन. एकशे चार. मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. सुई मध्यावर होती.

"आई, हीटर लावते."

"डोकं फिरलंय? या उन्हात?"

"इंजिनची गरमी आत येईल. तेवढी त्याची कमी होईल."

मी हीटर पूर्ण सोडला. पायांवर, गुडघ्यांवर, मग तोंडावर गरम वारा आला. त्यानंतरचा रस्ता मला एखाद्या तापात पडलेल्या दुपारसारखा आठवतो. दोन्हीकडे भात पिवळं झालं होतं, त्यावर हवा थरथरत होती, त्यामुळे लांबची झाडं जमिनीला टेकलेली वाटत नव्हती. बाबा गेल्यावरही आईने न सोडलेलं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं आणि ते पुसायला ती हात सोडत नव्हती. कोणीतरी पाण्याखाली गाडी चालवत असावं तसं सगळं संथ झालं होतं. आणि गाडीत झेंडूचा वास भरला होता. गरम, कडवट, उकडलेल्या पाल्यासारखा. तो कुठून येतो, याचा विचार माझ्या मनात येत होता आणि निसटत होता.

मोबाइल वाजला. आकडा गेला आणि त्या जागी मामाचं नाव आलं. मी कॉल कापला.

"कोण होतं?"

"मामा."

"कापलास?"

"आकडा दिसत नव्हता."

"दादाचा फोन आजपर्यंत कोणी कापला नाही," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "किती?"

"एकशे सहा."

नागोठण्याचा पूल ओलांडून आम्ही रोह्याच्या रस्त्याला वळलो. पुढे खिंडीचा चढ होता. आई सीटवर आणखी पुढे सरकली. मला तिचं मन दिसत होतं. थांबलो तर उशीर होणार, मामा पुन्हा फोन करणार, ती खोटं बोलणार नाही. खिंड पार झाली की पुढे उतार आहे.

"एकशे सात," मी म्हणाले. "थांब."

"एवढा चढ गेला की—"

"आई, थांब."

"सुई मध्यावर आहे बघ."

"म्हणूनच थांब."

माझा आवाज मोठा झाला होता. आईने माझ्याकडे बघितलं. चालवताना ती कधी मान वळवत नाही. मग तिने इंडिकेटर दिला आणि एका ऐनाच्या झाडाच्या सावलीत गाडी घेऊन इंजिन बंद केलं. पंखा तेवढा फिरत राहिला.

मी उतरून पुढे गेले. बॉनेटला हात लावला नाही. तोरण जाळीला असं चिकटून बसलं होतं, जणू कोणी आतून ते ओढून धरलं आहे. पाकळ्या फटींत शिरल्या होत्या, लोंब्या आडव्या झाल्या होत्या, आंब्याची पानं चपटी बसली होती. खालच्या माळा तर उन्हाने आणि आतल्या वाफाऱ्याने काळपट पडल्या होत्या. मी तिथे तळवा धरला. एवढा पंखा गरगरत होता, पण हाताला वारा लागत नव्हता. आत जायला त्याला जागाच नव्हती.

आई माझ्यामागे उभी होती. मी काही सांगायच्या आधी ती म्हणाली, "नाही गं."

"आई, हवा जात नाही."

"मुलींनी बांधलंय."

"मग किल्ली मामाला दे," मी म्हणाले. असं मी तिच्याशी कधी बोलत नाही.

ती झाडाखाली दगडावर बसली. शेतात कापणी चालली होती. तिथून एक बाई विळा हातात घेऊन आमच्याकडे आली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, आमच्या आधी गाडीकडे बघत.

"काय गो बाय, गाडी थकली का?"

"तापली जरा," आई म्हणाली.

"मंग बसा. आमी पन बसतावच ना." मग तिला तोरण दिसलं. "अगो माझे बाय! एवढं मोठं नवं? गाडीचं लगीन हाय का काय?"

आईला हसू आलं. "लग्नच म्हणायचं. माझ्या शाळेतल्या मुलींनी लावलंय."

"मंग नवरा खय हाय?"

"पळाला. एवढा हुंडा बघून घाबरला."

बाई खळखळून हसली आणि पाण्याची बाटली आईपुढे धरली. आईने घेतलं, तोंडावरही मारलं. कुंकू सगळं गेलं. मग ती उठली, गाडीच्या पुढे जाऊन उकिडवी बसली आणि सुतळीच्या गाठी चाचपू लागली.

"हा घ्या, काप मारा," बाईने विळा पुढे केला.

"नको. कापायचं नाही. सोडते. मागे बांधेन, डिकीला. मागेही गाडीच असते ना?" शेवटचं वाक्य ती बहुतेक त्या मुलींना म्हणाली.

बाई तिच्या कामाला गेली. आईने पदर खोचला. रेशमी साडी धुळीत टेकली होती. गाठी बारीक होत्या, जागोजागी होत्या. मी शेजारी बसून सोडवलेल्या माळा हातावर घेत गेले.

"ही बघ. हिला दुहेरी गाठ येत नाही, म्हणून एकावर एक एकेरी मारत सुटलीय." पुढच्या गाठीशी ती जास्त वेळ थांबली. "ही मोठीची. मासेमारीच्या जाळ्याची गाठ आहे, तिच्या आजाने शिकवलीय. ही या वर्षी भट्टीवर जाणार. आत्ता कुठे जोडाक्षरं वाचायला लागलीय." तिने नखाने गाठ सैल केली, ओढून बघितली, पुन्हा नखाने धरली. "तिथे मी गेले नाही, तर ही शाळेतून गेली."

झाडावर कसलातरी पक्षी एकच आवाज पुन्हा पुन्हा काढत होता. शेतातून विळ्यांची खसखस येत होती. पंखा केव्हा थांबला, कळलं नाही. पानांतून पडलेले उन्हाचे ठिपके आईच्या पाठीवर हलत होते आणि मला वाटलं, आपण इथे फार वर्षं बसलो आहोत, रोहा म्हणून काही नसेलच. मी मध्येच गाडीत जाऊन किल्ली अर्धी फिरवून आकडा बघून आले. अठ्ठ्याण्णव. पुन्हा गेले. नव्वद. मी ते मोठ्याने सांगितलं. आईने मान न उचलता हं म्हटलं.

सगळं सुटल्यावर जाळीतल्या पाकळ्या आम्ही आईच्या केसांच्या पिनेने काढल्या. टाकीत हिरवं पाणी होतं तेवढंच होतं, एक थेंब कमी झाला नव्हता. तोरण मागे बांधलं. आईला जाळ्याची गाठ जमली नाही, तिने आपली साधी मारली.

खिंडीत मी आकडे सांगत होते आणि आई ऐकत होती. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव. वळणावर सत्त्याण्णव. तिथे मी श्वास रोखला. पंखा लागला. पंच्याण्णव. माथ्यावर आल्यावर आईने काच आणखी खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं. तसं करताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

मामा दारातच उभा होता.

"फोन का उचलत नाही कोणी?" आणि मग गाडी वळली तशी, "हे काय? लोकांची वरात पुढून निघते, तुमची मागून?" त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. आईच्या साडीवरची धूळ, पुसलेलं कुंकू, सगळं त्याने बघितलं. मग तो माझ्याकडे वळला. "तू सांग. तुझी आई मास्तरीण आहे, मला बोलण्यात गुंडाळील. उकळली ना?"

"उकळली नाही," मी म्हणाले. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. "एकशे सातपर्यंत गेली. तिथे थांबवली."

"म्हणजे उकळायला आलीच होती की!"

मामी ओट्यावरून बोलली. ती मामासमोर फारसं बोलत नाही. "उतू गेलेलं दूध आणि उतू जायच्या आत उतरवलेलं दूध, दोन्ही सारखंच का हो?"

"दूध आणि गाडी एक आहे का?"

"दूध नि गाडी नसेल एक. लक्ष ठेवणारी बाई एकच असते."

मामाने तिच्याकडे असं बघितलं, जणू हे बोलणारं पातेलं आपल्या घरात कधी आलं. मग तो हात पुढे करून आईला म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे किल्ली माझ्याकडे. उद्या बघतो."

आईने दिली. वाद न घालता दिली, हेच मला आवडलं नाही.

संध्याकाळी पालखी आली. घरोघरी दारात रांगोळ्या, पणत्या, आरतीची ताटं घेतलेल्या बायका. आम्ही गॅलरीत उभ्या होतो. ढोलांचा आवाज आधी भिंतीत आला, मग पायांत, मग पालखी वळणावर दिसली, माणसांवर तरंगत आल्यासारखी. मामी ओवाळायला खाली गेली. आईने हात जोडले. खाली सगळा उजेड हलत होता आणि तो तिच्या चेहऱ्यावर येऊन जात होता. तिने तसेच हात जोडलेले असताना, पालखीकडे बघत मला विचारलं, "भट्टीच्या सगळ्यात जवळ एसटी कुठे थांबते गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"तिथून चालत किती पडेल?"

गुलाल उडाला, आणि आईने डोळ्यांवर पदर धरला.

सकाळी मामा आंघोळ करून तयार होता. "मी येतो खिंडीपर्यंत. मीच चालवतो. बघू काय म्हणते तुमची गाडी." आई त्याच्या शेजारी बसली, मी मोबाइल घेऊन मागे. गावाबाहेर नदीवर धुकं होतं. मामा गाडी चांगली चालवतो. मोबाइलकडे त्याने बघितलं नाही, आणि मीही आकडे सांगितले नाहीत. चढ सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. पंखा लागल्याचा आवाज आला तसे त्याचे खांदे जरा वर झाले.

"किती?" त्याने विचारलं.

"सत्त्याण्णव."

पुढच्या वळणावर, "आता?"

"पंच्याण्णव."

"उतरतोय," आई म्हणाली.

"कळतं मला," मामा म्हणाला. पण त्यानंतर प्रत्येक वळणावर तो विचारत राहिला. एकदा मी सांगायला उशीर केला तर म्हणाला, "झोपलीस का गं?" माथ्यावर आल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि उतरला. पुढून एक फेरी मारली, वाकून जाळीत बघितलं. इथून रोह्याकडे जाणारी एखादी गाडी मिळेल मला, म्हणाला. दार त्याने उघडंच ठेवलं होतं. आई वळसा घालून त्या बाजूला आली, पण बसली नाही, उभी राहिली.

"भट्टीचा रस्ता कच्चा आहे," मामा म्हणाला. "खाली दगड लागतात. हळू जात जा."

"हो."

"आणि ही नसेल बरोबर, तर तो आकडा कोण बघणार?"

"मुली बघतील," आई म्हणाली. "शंभराच्या पुढचं येतं त्यांना."

मामाने मान हलवली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. आई आत बसली. त्याने सीट पार मागे नेली होती. तिने खालची कडी धरून ती पुढे ओढली, अजून थोडी, मग आरसा आपल्यापुरता खाली केला. उतारावर नागोठण्याकडचं धुकं अजून शेतांत होतं.